वे नदीची चौदा लॉक : स्टेन्स ते गॉडलमिंग, आमच्या छोट्या होडीतून

हे लिहायला बसले कारण नोव्हेंबरात आम्ही होडी घेतली तेव्हा मला असं काही मराठीत वाचायला हवं होतं. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण ती लिहिणारे लहानपणापासून पाण्यावर वाढलेले. मी सांगलीची. नदी म्हटलं की घाट, पूर आणि गणपतीचं विसर्जन. इंग्लंडमध्ये वीस वर्षं काढली तरी लॉक या प्रकाराची भीती होती ती होतीच.

आधी लॉक म्हणजे काय ते सांगते. नदीची पातळी जिथे उतरते तिथे बंधारा असतो. होडी बंधारा चढू शकत नाही, म्हणून त्याच्या बाजूला दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक हौद बांधलेला असतो. खालून होडी आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजांतल्या झडपा उघडून वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो तशी होडी वर येते. पाणी समान झालं की पुढचे दरवाजे उघडायचे. थेम्सवर हे काम बहुतेक वेळा लॉककीपर यंत्रानं करून देतात. थेम्सला मिळणाऱ्या वे नदीवर तुमचे तुम्ही, हातानं.

होडी बावीस फुटी, फायबरची, जुनी. साडेसहा हजार पौंडांना मिळाली. पुढचे पाच महिने कागदांत गेले, आणि धीर खरा तिथे लागतो. थेम्सवर होडी ठेवायची तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे नोंदणी लागते. नोंदणीला बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं, ते चार वर्षं चालतं. शिवाय थर्ड पार्टी विमा. आम्ही आधी पूर्ण विमा मागितला तर विमा कंपनीनं होडीच्या वयामुळे सर्व्हे मागितला. सर्व्हेसाठी होडी पाण्याबाहेर काढायची, म्हणजे क्रेनचा खर्च. तीन आठवडे फोनाफोनी झाल्यावर कळलं की थर्ड पार्टी विम्याला सर्व्हे लागतच नाही. ही गोष्ट पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

फेब्रुवारीत सेफ्टीची तपासणी झाली आणि आम्ही नापास झालो. गॅसच्या नळीची मुदत संपलेली, अग्निशामक एक कमी. मला फार वाईट वाटलं, परीक्षेत नापास झाल्यासारखंच. पण तपासनीस गृहस्थ शांतपणे म्हणाले, जुन्या होडीत हे नेहमीचंच आहे. गॅसचं काम नोंदणीकृत माणसाकडूनच करून घेतलं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नवा बसवला, आणि तीन आठवड्यांनी पास झालो. सगळं धरून चारशे पौंड गेले. मार्चमध्ये नवऱ्यानं आणि मी रॉयल यॉटिंग असोसिएशनचा इनलँड वॉटरवेज हेल्म्समनचा, म्हणजे नदी-कालव्यावर होडी चालवण्याचा, दोन दिवसांचा कोर्स केला. तो सक्तीचा नाही. पण ज्याला जमेल त्यानं जरूर करावा, कारण दोरी कशी धरायची हे पुस्तकातून कळत नाही.

एप्रिलमध्ये निघायचं ठरवलं तर थेम्सच्या लॉकवर लाल पाट्या लागल्या. लाल पाटी म्हणजे प्रवाह जोराचा आहे, होडी घेऊन निघू नका. पिवळी म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, जपून. या पाट्यांची स्थिती इंटरनेटवर रोज पाहता येते. मी सकाळच्या चहाबरोबर तेच बघायची. एक महिना थांबलो.

त्या थांबण्यानं एक चांगलं झालं. एप्रिलच्या शेवटी बाबा सांगलीहून आले. वय शहात्तर. पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यातली बरीच वर्षं कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कृष्णा कालव्यावर. पाणी, दारं, झडपा यांतच त्यांचा जन्म गेला. मी भीतभीत विचारलं, "बाबा, याल का होडीतून? सात दिवस आहेत." ते म्हणाले, "लाइफजॅकेट माझ्या मापाचं असेल तर येईन."

निघालो शनिवारी, २५ मेला, सकाळी साडेनऊला स्टेन्सहून. पेट्रोलचे दोन कॅन भरून घेतले होते. पेनटन हुक, चर्टसी, शेपर्टन ही थेम्सची तीन लॉक पार केली. प्रत्येक ठिकाणी लॉककीपर वरून दोरी कुठे टाकायची ते सांगत होते. लॉकमध्ये इंजिन बंद ठेवायचा नियम आहे, आणि तो चांगला आहे, कारण त्या शांततेत माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

शेपर्टन लॉकच्या खाली लगेच वे नदीचं तोंड आहे. पण तिथे तीनचार फाटे एकत्र येतात, आणि त्यांतले काही बंधाऱ्याकडे जातात. खांबावर पाटी आहे, ती आधी दुर्बिणीतून वाचा आणि मगच वळा. आम्ही वळलो तेव्हा बाजूनं येणाऱ्या प्रवाहानं होडी आडवी ओढली. नवऱ्यानं इंजिनचा जोर वाढवला आणि सरळ झालो. पाचेक सेकंदांचा खेळ, पण हात थरथरत होते.

वे नदीचं पहिलं लॉक म्हणजे थेम्स लॉक, आणि कागदपत्रं तिथेच बघतात. ही नदी नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यामुळे थेम्सची नोंदणी इथे चालत नाही. पाहुण्यांचं वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. त्याची रक्कम होडीची लांबी आणि मुक्कामाचे दिवस यांवर ठरते. विमा आणि सेफ्टीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. मी सगळ्याच्या छापील प्रती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नेल्या होत्या, दहा मिनिटांत काम झालं. पण जेवणाच्या सुटीत पोचलो म्हणून त्याआधी पाऊण तास थांबलो. दुपारी एकच्या सुमारास जाऊ नका.

लॉककीपरनी अनामत घेऊन एक विंडलास दिला. विंडलास म्हणजे कोपरासारखं वाकलेलं लोखंडी हँडल, झडपा उचलायचं. आमच्याकडे कालव्यांवर चालणारा होता, पण वे नदीच्या झडपांचा चौकोनी दांडा जाड आहे, त्यावर तो बसत नाही. हा इथूनच घ्यावा लागतो.

या लॉकला खालच्या बाजूला आणखी एक जादा दार आहे. थेम्सचं पाणी कमी असलं की लॉकच्या उंबऱ्यावर पुरेशी खोली नसते. मग होडी आत घेऊन हे दार लावतात, वरून थोडं पाणी सोडून पातळी वाढवतात, आणि नंतर होडी खऱ्या लॉकमध्ये जाते. बाबा उठून उभे राहिले आणि लॉककीपरना इंग्रजीत विचारू लागले, दाराला गळती किती, झडपेचं माप काय. दोघांची वीस मिनिटं चर्चा चालली. बाबांना निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. तो चेहरा मी त्यानंतर पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवशी वेब्रिजच्या पुलाखालचं अवघड वळण घेऊन टाउन लॉक आणि मग कॉक्सेस लॉक केलं. तिथे जुनी गिरणी आहे, आता तिच्यात फ्लॅट आहेत. तिच्यासाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बार्जमधून, म्हणजे मालवाहू होड्यांतून, धान्य येत होतं. रात्री न्यू हॉच्या अलीकडे मुक्काम केला. पिठलं-भात.

लॉकचं काम सोपं वाटावं म्हणून एकदा सविस्तर सांगते. खालून वर जाताना होडीतला एक माणूस लॉकच्या अलीकडच्या धक्क्यावर उतरतो. लॉक भरलेलं असेल तर खालच्या झडपा उघडून रिकामं करायचं. दरवाजाला लांब लाकडी दांडा असतो, त्याला पाठ टेकून पायांनी मागे रेटायचं, हातांनी नाही. होडी आत आली की पुढची आणि मागची अशा दोन्ही दोऱ्या काठावरच्या खुंटाला वळसा घालून परत होडीत आणायच्या. बांधायच्या मात्र नाहीत. पाणी चढेल तशी दोरी आवळत राहायचं. मग वरची एकच झडप, तीही पाव उघडायची. होडी स्थिर झाली की अजून थोडी.

दुसऱ्या दिवशी न्यू हॉनंतर एम पंचवीस महामार्गाच्या खालून गेलो. डोक्यावर गाड्यांचा अखंड घरघराट, खाली काँक्रीटच्या खांबांमधून एक बदक पिल्लं घेऊन चाललेलं. जवळच बेझिंगस्टोक कालव्याचा फाटा आहे. पिरफर्डचं लॉक पबच्या अंगणाला लागूनच आहे, आणि रविवार होता. साठसत्तर माणसं ग्लास हातात धरून आमच्याकडे बघत होती. माझ्या कपाळावर घाम आला. पण त्यांतलेच दोघे उठून आले आणि दुसऱ्या बाजूचा दरवाजा त्यांनी लावला. मदत कुणी देऊ केली तर घ्या. फक्त झडपा दुसऱ्याच्या हाती देऊ नका. पुढे वॉल्शमचे पूरदरवाजे. पूर नसेल तेव्हा ते उघडेच असतात, सरळ निघून गेलो.

न्यूअर्क प्रायरीजवळ मुक्काम केला. बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मठाच्या भिंती कुरणात उभ्या आहेत, छप्पर नाही. संध्याकाळी त्यांच्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसत होतं. बाबा बराच वेळ काठावर बसून होते.

सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुटी. हा दिवस मी विसरणार नाही. पेपरकोर्ट लॉक दिसायला या नदीवरचं सगळ्यांत सुंदर. बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा बंधारा, छोटं घर. आमच्यामागे तीन होड्या थांबल्या होत्या. नवरा होडीत दोन्ही दोऱ्या धरून, बाबा आत बसलेले, मी वर. मागचे लोक ताटकळलेत, या एकाच विचारानं मी आधी एक झडप आणि लगेच दुसरी पूर्ण वर घेतली.

दरवाजातून पाणी पांढरं होऊन आत कोसळलं. होडी आधी मागे गेली आणि मग इतक्या जोरात पुढे ओढली गेली की नवऱ्याच्या हातातून पुढची दोरी सरकली. होडीचं नाक दरवाजावर आपटलं. नाकावर पाण्याचा लोट आला. आत किटली पडल्याचा आवाज झाला आणि बाबांचा एकच शब्द ऐकू आला, "बंद!" त्यांनी कालव्यावर ज्या आवाजात तो म्हटला असेल, त्याच आवाजात. मी झडप वर अडवून धरणारी खिट्टी सोडवायला गेले तर ओल्या हातातून हँडल निसटत होतं. एवढ्यात मागच्या होडीतले एक गृहस्थ चालत येऊन पलीकडची झडप खाली करू लागले. मी माझी केली. पाणी शांत झालं.

नवऱ्याच्या तळव्यावर दोरीनं भाजल्यासारखा पट्टा उठला होता. पुढचा कठडा वाकला. बाबा ठीक होते. ते गृहस्थ मला एवढंच म्हणाले, आम्हाला कुणालाही घाई नाही, सावकाश करा. मी काठावर बसून रडले. दोन मिनिटांनी बाबांनी खालून हाक मारली, "ये, परत करू. पाव दार." परत केलं. एक झडप, पाव. थांबले. मनात पन्नास आकडे मोजले. मग अर्धी. होडी जागची हलली नाही.

हौद भरत असताना बाबांनी मला दरवाजा नीट बघायला लावला. दोन पाती मध्ये जुळतात ती सरळ रेषेत नाहीत, वरच्या प्रवाहाकडे टोक करून जुळतात. वरचं पाणी जितकं जास्त रेटेल तितकी ती घट्ट मिटतात. जुळणीच्या फटीतून पाण्याची बारीक धार येत होती, तिच्याखाली लाकडावर हिरवं शेवाळ. हौदाच्या भिंतीवर ओल्या मातीचा गार वास. "आमची दारं वर उचलायची," बाबा म्हणाले, "त्यांना माणसं लागायची. याचं कुलूप पाण्यानंच घातलंय." मी भरत आलेल्या लॉकचा दांडा रेटून पाहिला. जराही हलेना. मिनिटभरानं पुन्हा रेटला, आणि पाठ टेकताच तो आपोआप गेला. तेव्हा कळलं की दरवाजा उघडायला ताकद लागत असेल तर वेळ झालेली नाही. त्यानंतर पुढच्या एकाही लॉकची मला भीती वाटली नाही.

वर्सफोल्ड गेट्स या पूरदरवाजांवर जुन्या पद्धतीच्या झडपा अजून आहेत. लाकडी दांडा हातानं वर ओढायचा आणि भोकात खुंटी अडकवायची. दरवाजे उघडे होते तरी बाबांसाठी थांबलो. ट्रिग्ज लॉकनंतर पाऊस लागला, मुक्काम तिथेच.

मंगळवारी बॉवर्स आणि स्टोक ही लॉक. या भागात सर रिचर्ड वेस्टन यांचं सटन प्लेस आहे. नदी बोटीयोग्य करायची कल्पना त्यांचीच, लॉकचं तंत्र त्यांनी नेदरलँड्सकडे पाहिलेलं. १६५१मध्ये पार्लमेंटचा कायदा झाला, १६५२मध्ये ते वारले आणि १६५३मध्ये नदी वाहतुकीला खुली झाली. केलेलं काम त्यांना पाहायला मिळालं नाही. यातलं बरंचसं पात्र नैसर्गिक नाही, माणसांनी फावड्यांनी खणलेलं आहे. कालवा खणणाऱ्यांबद्दल बाबांना जे वाटतं ते ते शब्दांत सांगत नाहीत. पण ही वर्षं त्यांनी डायरीत लिहून घेतली.

गिल्डफर्डला डॅपड्यून व्हार्फवर 'रिलायन्स' नावाची जुनी बार्ज जपून ठेवली आहे. स्टीव्हन्स घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या ही वाहतूक चालवली आणि १९६४मध्ये हॅरी स्टीव्हन्स यांनी नदी नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. गावात नदीकाठी एक मोठी चाकाची यारी आहे, माणूस आत चालून चाक फिरवायचा आणि माल उचलायचा. पाणी भरणं, कचरा, टॉयलेटची टाकी रिकामी करणं हे सगळं गिल्डफर्डच्या आसपास उरकून घ्या. लायसन्सबरोबर मिळणाऱ्या माहितीत जागा दिलेल्या असतात.

बुधवारी शेवटची चार : मिलमीड, सेंट कॅथरीन्स, अनस्टेड, कॅट्सहॉल. गिल्डफर्ड ते गॉडलमिंग हा भाग नंतरचा, १७६४चा. इथे पूल बुटके आहेत. आम्ही होडीचं कापडी छत आधीच उतरवून ठेवलं, तरी शालफर्डच्या पुलाखाली तिघंही वाकलो. सेंट कॅथरीन्सच्या टेकडीवरून सोनेरी वाळू थेट पाण्यात उतरते, वर चॅपलचे भग्नावशेष. तिथलं लॉक या नदीवरचं सगळ्यांत उथळ. नवख्यांसाठी असं लॉक पहिलं यायला हवं होतं.

दुपारी चार वाजता गॉडलमिंगच्या धक्क्याला लागलो. यापुढे होडी जात नाही. इंग्लंडच्या एकमेकांना जोडलेल्या जलमार्गांचं हे सगळ्यांत दक्षिणेकडचं टोक. याच गावात १८८१मध्ये वे नदीच्या पाणचक्कीवर वीज करून रस्त्यांवर दिवे लावले होते. बाबांनी बाजूच्या सुपरमार्केटमधून स्वतः जाऊन तीन आइस्क्रीम आणली.

परतीचा प्रवास उतरणीचा. त्यात धोका वेगळा आहे. लॉक रिकामं होताना मागे, वरच्या दरवाजाच्या पायाशी दगडी उंबरा उघडा पडतो. होडीचं बूड त्यावर अडकलं तर होडी नाकावर उलटते. काठावर खूण केलेली असते, तिच्या पुढेच राहायचं. आणि दोरी बांधलेली नसावी, नाहीतर पाणी खाली जातं आणि होडी दोरीला लटकते. बाबा दर लॉकला ती खूण स्वतः बघून "पुढे आहे" असं सांगायचे, तेव्हाच मी झडपेला हात लावायची.

शनिवारी, १ जूनला, थेम्स लॉकवर विंडलास परत केला, अनामत मिळाली. आठवडाभरात पेट्रोल चाळीस लिटरच्या आत लागलं. आम्ही दोऱ्या आवरत असताना थेम्सकडून एक छोटी होडी आली, नवराबायको, दोघांचेही चेहरे उतरलेले. त्या बाई हातातला नवा विंडलास उलटसुलट करून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, पेपरकोर्ट कसं आहे, फार ऐकलंय. मी त्यांना कठड्याचा वाकलेला भाग दाखवला आणि सांगितलं, एक झडप, पाव, आणि मग पन्नास आकडे मोजा. बाबा आतून म्हणाले, "त्यांना सांग, मागे कितीही होड्या असू देत." तेही सांगितलं.